कलकलाट म्हणजे नेमकं काय? पाखरांच्या कर्कश ओरडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पक्षिनिरीक्षणाला मुलांना घेऊन गेलं की पाखरांच्या नावांइतकेच त्यांच्या आवाजांबद्दल प्रश्न येतात. गोड आवाजांवर भरपूर लिहून झालं आहे. कर्कश आवाजांकडे मात्र बहुतेक जण कान बंद करून घेतात. म्हणून हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही भाषेचे आहेत, काही पाखरांचे. ते वेगळे काढता येत नाहीत, कारण आपल्याकडची पाखरांची निम्मी नावंच त्यांच्या ओरडण्यातून आली आहेत.

‘कलकलाट’ या शब्दाचा अर्थ काय?

अनेक पाखरांनी एकाच वेळी, एकमेकांवर आवाज चढवत केलेला मोठा, मिसळलेला, कानाला टोचणारा आवाज. शब्द पुल्लिंगी आहे: कलकलाट झाला, कलकलाट उठला, कलकलाट चालला आहे. मूळ ‘कलकल’. त्याला ‘-आट’ लागला की तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर, थांबता न थांबणारी अशी होते. खणखण आणि खणखणाट, गडगड आणि गडगडाट ही याच जातीची जोडपी. ‘लखलखाट’ पाहिला तर कळतं की हा प्रत्यय नुसत्या आवाजापुरता नाही, उजेडालाही चालतो.

एकच पाखरू ओरडत असेल तर त्याला कलकलाट म्हणावं का?

नाही. कलकलाटाला थवा लागतो. एकटा पोपट चिरकतो, एकटा कावळा कावकाव करतो, एकटी टिटवी ओरडते. पिंपळावर दोनशे साळुंक्या जमल्या की कलकलाट. ‘झाडावर एक कावळा कलकलाट करत होता’ असं वाक्य निबंधात दिसतं तेव्हा खटकतं ते यामुळेच.

मग किलबिलाट आणि कलकलाट यांत फरक काय?

आवाज बारीक की भरड, हा पहिला फरक. चिमण्या, शिंजीर, वटवट्या यांचा सकाळचा आवाज किलबिल. कावळे, साळुंक्या, पोपट, बगळे यांचा कलकलाट. दुसरा फरक ऐकणाऱ्याच्या मनात असतो. बालवाडीतल्या पोरांचा आवाज आजीला किलबिलाट वाटतो आणि शेजारी दुपारी झोपलेल्या माणसाला कलकलाट. आवाज तोच असतो. तेव्हा लिहिताना शब्द निवडला की आपण आपली बाजूही सांगून टाकतो, एवढं भान ठेवावं.

‘कलरव’ हा तिसरा शब्द. तो संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे आणि मंद, मधुर आवाजासाठी आहे. वर्तमानपत्रांत ‘बगळ्यांचा कलरव’ असं छापून येतं. ज्याने सारंगागार म्हणजे बगळ्यांची वसाहत पावसाळ्यात जवळून ऐकली आहे, तो असं लिहिणार नाही.

हिंदीत तर नदी कलकल वाहते. मराठीत का नाही?

मराठी कवितेत कुठे कुठे ओढाही कलकल करतो. पण रोजच्या बोलण्यात आपली नदी खळखळते, झरा झुळझुळतो आणि कलकल करतात ती माणसं नाहीतर पाखरं. ‘काय कलकल लावली आहे’ हे मराठीत वैतागूनच म्हटलं जातं. हिंदीतून मराठीत भाषांतर करताना इथे हमखास घसरायला होतं.

सातारा-सांगलीच्या बोलीत यासाठी वेगळे शब्द आहेत का?

आहेत, आणि जोरकस आहेत. पहिला ‘कालवा’. ‘काय कालवा लावलाय रं पोरांनो!’ हे माण-खटावपासून जतपर्यंत कुठेही ऐकू येईल. आता आमच्याकडे कालवा म्हटलं की पाटाचं पाणीही आठवतं, धोमचा कालवा, कृष्णा कालवा. पण कुणाचा गोंधळ होत नाही, कारण ‘कालव्याला पाणी सुटलं’ आणि ‘कालवा केला’ यांत क्रियापदच अर्थ सांगून जातं. पाखरांसाठीही तो चालतो: ‘साळुंक्यांनी नुसता कालवा मांडलाय.’

दुसरा शब्द ‘वरडणं’. प्रमाण मराठीतलं ओरडणं. ‘टिटवी वराडाय लागली, भाईर कोनतरी हाय,’ हे रानात वस्तीवर राहणाऱ्या माणसाचं वाक्य म्हणजे पक्षिशास्त्रच आहे. ते कसं, ते पुढे येईल.

याशिवाय कोकलणं, केकाटणं, बोंबलणं हे आहेत. केकाटणं बहुतेकदा मार खाल्लेल्या कुत्र्याला, पण घाबरलेल्या कोंबडीलाही लावतात. ‘चिरका’ हे विशेषण फार उपयोगाचं आहे. पातळ, फाटलेला, वरच्या पट्टीतला आवाज म्हणजे चिरका. पोपटाच्या ओरडण्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

कोणत्या पाखरासाठी कोणता शब्द? परीक्षेत हे विचारतात.

शिष्यवृत्तीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत विचारतात खरं. ठरलेली उत्तरं अशी: कोंबड्याचं आरवणं, कावळ्याची कावकाव, चिमणीची चिवचिव, मोराचा केकारव, घुबडाचा घूत्कार, पारव्याचं घुमणं, हंसाचा कलरव. चीत्कार हा शब्द या याद्यांत हत्तीसाठी असतो. बोलण्या-लिहिण्यात तो घाबरलेल्या पाखरालाही लावतात आणि त्यात काही वावगं नाही, पण परीक्षेत हत्ती लिहावा. ‘ची’ दीर्घ.

या याद्या पाठ करणाऱ्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. यादीतलं घुबड घूत्कार करतं, पण आपल्या वाड्याच्या माळ्यावरचं गव्हाणी घुबड करत नाही. ते लांबलचक खरखरीत किंचाळतं आणि त्याची पिल्लं घोरल्यासारखा फुसफुसाट करतात. शेवग्याच्या नाहीतर आंब्याच्या ढोलीतला पिंगळा दिवेलागणीला चिरचिर करून भांडल्यासारखा ओरडतो. घूत्कार ऐकायचा तर कृष्णाकाठच्या दरडीतल्या मोठ्या हुमा घुबडाकडे जावं लागतं. यादी मार्कांपुरती. कान स्वतःचे वापरावेत.

‘कर्कश’ हा शब्द फक्त आवाजालाच लावतात का?

आज मराठीत जवळजवळ फक्त आवाजालाच. संस्कृतात मात्र त्याचा पहिला अर्थ स्पर्शाचा आहे: कठीण, खरबरीत. हाताला खरखरीत लागणारी गोष्ट ती, आणि कानाला तशीच लागली तर तीही कर्कश, असा तो अर्थ सरकला. आताच्या बातम्यांत हा शब्द पाखरांपेक्षा हॉर्नसाठी जास्त येतो. कर्कश हॉर्न, कर्कश डीजे. पाखराच्या दृष्टीने हे अन्यायाचं आहे. टिटवी दोन मिनिटं ओरडून थांबते.

‘कर्कशा’ म्हणजे भांडखोर बाई, असा शब्द जुन्या पुस्तकांत सापडतो. पुरुषासाठी तसा शब्द कधी घडला नाही. हा शब्द आज वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

मोरासारख्या देखण्या पक्ष्याचा आवाज इतका कर्कश कसा? आणि केकारव शब्द एवढा सुंदर कसा?

मोराच्या ओरडण्याला संस्कृतात ‘केका’ म्हणतात. शब्द आवाजावरूनच झाला आहे. केका आणि रव मिळून केकारव. शब्द नाजूक वाटतो, पण ज्यांच्या शेताशेजारी मोर आहेत त्यांना विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून सकाळी मोर ओरडतो तो घरात बसून ऐकू येतो. वरच्या पट्टीतला, ताणलेला, मांजराने ओरडावं तसा ‘म्याँऽव’ आवाज. १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी म्हणून मोराची निवड झाली ती आवाजावरून नक्कीच नव्हे!

पण आवाज असा का, याचं उत्तर त्याच्या घरात आहे. मोर झुडपांच्या रानात राहतो. विणीच्या दिवसांत त्याला लांबच्या लांडोरीपर्यंत आणि शेजारच्या नरापर्यंत पोचायचं असतं. मऊ आवाज झाडोऱ्यात विरून जाईल. शिवाय रानात काही धोका दिसला तरी मोर ओरडतो, तेव्हा त्याचा आवाज तुटक, ठोकल्यासारखा असतो. सागरेश्वरला फिरताना हे दोन आवाज वेगळे ओळखता आले तर रानातली निम्मी बातमी कळते.

मराठीत केकेला मोठा मान मिळाला तो मोरोपंतांमुळे (१७२९–१७९४). पन्हाळ्याला जन्मलेले, बारामतीत आयुष्य काढलेले मोरोपंत स्वतःला ‘मयूर’ म्हणवत, आणि देवाला घातलेल्या आर्त सादेला त्यांनी ‘केकावली’ हे नाव दिलं, म्हणजे मोराच्या ओरडण्यांची माळ. देवाला हाक मारायला त्यांनी कोकिळेचा आवाज घेतला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिवाच्या आकांताने मारलेली हाक गोड नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

कावळ्याच्या ओरडण्याला ‘कावकाव’शिवाय शब्द नाही का?

जुना आणि देखणा शब्द आहे: कोकणे. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विरहिणीत ‘काऊ कोकताहे’ असं आहे, म्हणजे तेराव्या शतकापासून हा शब्द आपल्याकडे चालत आला आहे. तिथला कावळा पाहुण्याच्या येण्याचा शकुन सांगतो. आजही दारात कावळा ओरडला की आमच्याकडची म्हातारी माणसं ‘आज कोन येतंय’ म्हणतात. एरवी अशुभ मानलेला पक्षी इथे शुभ बातमी आणतो. पितृपक्षात तर संगम माहुलीला, वाईच्या घाटावर, सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर माणसं त्याची वाट पाहत उभी असतात आणि एकही ओरडला नाही तर जीव कासावीस होतो.

‘कावकाव करणे’ म्हणजे एकसारखी तक्रार करत राहणे. ‘कावळ्यांची शाळा भरली’ हे थोडं वेगळं. बरेच कावळे एका जागी जमून ओरडू लागले की म्हणतात. ही शाळा बऱ्याचदा मेलेल्या कावळ्याभोवती भरते. अमेरिकी कावळ्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की मेलेला कावळा पाहून कावळे ती जागा आणि तिथे दिसलेला माणसाचा चेहरा धोकादायक म्हणून लक्षात ठेवतात. आपल्याकडचा गावकावळा वेगळ्या जातीचा, पण शाळा हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा वापरला त्याचं निरीक्षण चोख होतं.

आणखी एक. शरीररचनेच्या हिशेबाने कावळा गाणाऱ्या पाखरांच्या कुळातला आहे. बुलबुल, दयाळ, कस्तूर यांचा तो नातेवाईक. गळ्यातलं वाद्य त्याच्याकडेही पूर्ण आहे. एकांतात बसलेला कावळा कधी कधी हळू गुळगुळ, कुरकुर असे आवाज काढत बसतो, ते ऐकलं तर पटेल.

रात्री टिटवी ओरडली तर वाईट घडतं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून नीट सांगतो.

टिटवी जमिनीवर घर करते. घर म्हणजे काय, तर खडे सारून केलेला खळगा. त्यात मातकट, ठिपक्यांची साधारण चार अंडी. माळ, नांगरलेलं रान, नदीकाठची वाळू, कधी विटभट्टीजवळची मोकळी जागा. उघड्यावर संसार मांडलेल्या पाखराला झोप सावधच घ्यावी लागते. टिटवी रात्रीही चरते, रात्रीही जागी असते. कुत्रं, कोल्हा, मुंगूस, माणूस, कुणीही जवळून गेलं की ती उठून ‘टिटिव-टिव, टिटिव-टिव’ करत डोक्यावर घिरट्या घालते. पिल्लं असतील तर पंख मोडल्याचं सोंग करून शत्रूला भलतीकडे नेते.

म्हणजे टिटवी ओरडली तर बाहेर कुणीतरी आहे, एवढाच तिचा निरोप असतो. पूर्वी रात्री गावाबाहेरून येणारा माणूस बऱ्याचदा वाईट बातमी घेऊनच यायचा. टिटवी आधी ओरडायची, बातमी मागून यायची. अपशकुनाचा समज असा जुळला असावा, असं मला वाटतं. वस्तीवरचा शेतकरी मात्र ‘भाईर कोनतरी हाय’ म्हणून बॅटरी घेऊन उठतो. तोच बरोबर आहे.

आभाळ कोसळू नये म्हणून टिटवी पाय वर करून झोपते ही गोष्ट खरी नाही. पण ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण खरी ठेवण्यासारखी आहे. तिच्या मागची समुद्राची आणि टिटवीच्या अंड्यांची कथा पंचतंत्रातली. तिथे तिचं नाव टिट्टिभ. म्हणजे संस्कृतातही ते आवाजावरूनच पडलं.

पिंगळा ओरडला की भविष्य कळतं म्हणतात, ते काय?

पिंगळा हे त्या छोट्या घुबडाचं नाव आणि भल्या पहाटे कंदील घेऊन दारोदार येणाऱ्या भिक्षेकऱ्याचंही. त्याला पाखराची भाषा कळते असा समज, म्हणून तो घराचं भाकीत सांगायचा. ही परंपरा आता फार थोडी उरली आहे. पाखरू मात्र भरपूर आहे. ते आपल्या जोडीदाराशी आणि शेजाऱ्याशी बोलतं, आपल्याशी नाही.

गव्हाणी घुबडाच्या किंचाळण्याला घाबरून त्याचं घर मोडणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की ते प्रामुख्याने उंदीर-घुशींवर जगतं. धान्याचं घर असेल तर त्याच्याइतका राखणदार नाही.

पाखरं मुळात कर्कश का ओरडतात? सगळीच गोड का गात नाहीत?

पाखरांचा आवाज आपल्यासारखा कंठात तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे खाली छातीत त्यांचं स्वरयंत्र असतं, त्याला सिरिंक्स म्हणतात. तिथले पडदे सारखे, नियमित थरथरले की शीळ निघते, सूर लागतो. हवेचा जोर वाढून ते अनियमित थरथरले की एकाच वेळी अनेक पट्ट्यांचा मिसळलेला आवाज निघतो. त्यालाच आपण खरखरीत, फाटका, कर्कश म्हणतो. तेच वाद्य, वाजवणारा वेगळ्या अवस्थेत.

आता हा खरखरीतपणा उपयोगाचा कसा? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये एक फार सुरेख गोष्ट मांडली. वर आकाशात ससाणा दिसला तर छोटी पाखरं बारीक, लांब, हळूच सुरू होऊन हळूच संपणारी ‘सीऽऽ’ अशी शीळ घालतात. असा आवाज कुठून आला हे शिकाऱ्याला पटकन कळत नाही. इतरांना सावध करायचं आणि स्वतः लपायचं, दोन्ही साधतं. पण मांजर किंवा घुबड बसलेलं सापडलं तर तीच पाखरं उलट वागतात. तुटक, खरखरीत, सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आवाज काढतात. तो नेमका कुठून येतोय हे लगेच कळतं आणि तेच हवं असतं: या, इथे बसलाय, सगळे मिळून हाकलू. कलकलाट तिथून सुरू होतो.

पुढे १९७७ मध्ये युजीन मॉर्टन यांनी पाखरं आणि सस्तन प्राणी दोघांना लागू पडेल असा ठोकताळा दिला. अंगावर धावून जायचं असेल तर आवाज जाड आणि खरखरीत, भीती किंवा आर्जव असेल तर उंच आणि स्वच्छ. माणसातही हे दिसतं. बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप बारीक होतो, आणि ‘ए!’ असं दरडावताना जाड.

तेव्हा कर्कश आवाज म्हणजे बिघडलेलं गाणं नव्हे. तो वेगळं काम करणारा आवाज आहे.

महाबळेश्वरला पावसाळ्यात शीळकरी कस्तूर ऐका. एखादं पोर रमतगमत शीळ घालत चाललंय असं वाटतं. त्याच ओढ्याजवळ त्याला दचकवा, तर ‘क्रीऽऽ’ असा चाकू फिरवल्यासारखा आवाज काढून तो उडून जाईल. टकाचोराचंही तसंच. एका क्षणी घंटेसारखा गोड आवाज आणि पुढच्या क्षणी ‘के-के-के’ असा खडखडाट. गोड पाखरं आणि कर्कश पाखरं अशी वाटणीच खरं तर चूक आहे.

उसाच्या फडात सातभाई एकदम ओरडू लागले तर काय समजावं?

थांबावं. सातभाई टोळीने राहतात, जमिनीलगत पालापाचोळा उलथत हिंडतात आणि दिवसभर आपसात कुचकुचत असतात. ते साधं बोलणं. पण सगळे एकाच जागेकडे तोंड करून, शेपट्या हलवत, न थांबता कलकलाट करू लागले तर तिथे मांजर, मुंगूस, साप असं काहीतरी असतं. पाठोपाठ कोतवाल, बुलबुल, साळुंक्या येऊन मिळतात. शिराळा, वाळवा, कऱ्हाड या पट्ट्यात बिबट्याही उसात राहतो, हे ध्यानात ठेवून त्या बाजूला न जाणंच शहाणपणाचं. लहान मुलांना ही खूण जरूर शिकवावी.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या झाडांवर एवढा कलकलाट कशासाठी?

ते त्यांचं रातथाऱ्याचं झाड असतं. साळुंक्या, कावळे, पोपट दिवसभर लांबवर पांगतात आणि रात्री एकत्र येतात. जागेवरून भांडणं होतात. आतली, फांदीच्या मधली जागा सुरक्षित असते, ती सगळ्यांना हवी असते. १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी अशी कल्पना मांडली की रातथारा ही बातम्यांच्या देवघेवीची जागाही असावी. कुणाला चांगलं खाणं मिळालं आहे ते इतरांना तिथे कळतं आणि सकाळी त्यांच्या मागे जाता येतं. त्यावर अजून वाद आहेत. अंधार पडला की अर्ध्या तासात सगळं शांत होतं, एवढं मात्र कुणीही पाहू शकतं. आणि उजेडी दिव्यांमुळे हा कलकलाट लांबतो, हेही.

कोकिळा गोड गाते ना? मग तिचं नाव कर्कश आवाजांत कसं?

गातो तो नर कोकीळ, काळाकुळकुळीत. मादी कोकिळा ठिपक्यांची, तपकिरी, आणि तिचा आवाज ‘किक-किक-किक’ असा तीक्ष्ण. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायला जाताना, कावळे मागे लागल्यावर हा आवाज हमखास ऐकू येतो. ‘गानकोकिळा’ हा शब्द रूढ झाला आहे, तो राहू दे. पाखरांच्या नोंदवहीत मात्र नर-मादी बरोबर लिहावं.

सगळे मोठे पक्षी कर्कशच ओरडतात का?

नाही. करकोच्यांच्या कुळातले पक्षी जवळजवळ मुके असतात. चित्रबलाक भला मोठा, पण मोठेपणी आवाज असा काढत नाही. चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून खडखडाट करतो, तेवढाच.

माणसांसाठी ‘कलकलाट’ वापरला तर चालतं का?

चालतं. लग्नघरातला, वर्गातला, टीव्हीवरच्या चर्चेतला कलकलाट हे रुळलेले प्रयोग आहेत. दोन ठिकाणी सांभाळावं. दुःखाच्या आवाजाला हा शब्द लावू नये. तिथे आक्रोश, आकांत, हंबरडा हे शब्द आहेत. आणि ‘बायकांचा कलकलाट’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा. दहा माणसं पारावर बसून मोठ्याने बोलली तर त्याला आपण चर्चा म्हणतो, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

दारातल्या झाडावर बगळ्यांनी घरं केली आहेत. घाण आणि कलकलाट असह्य होतो. झाड तोडता येईल का?

त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये गायबगळे, ढोकऱ्या, रातबगळे एकाच झाडावर घरं करतात. पिल्लं भुकेने ‘कॅक-कॅक-कॅक’ असं अखंड ओरडतात आणि रातबगळे रात्री ‘क्वॉक’ करत ये-जा करतात. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणं शिकारीच्या व्याख्येत येतं. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगीही लागते. पिल्लं उडेपर्यंत थांबावं. नंतर रीतसर परवानगी घेऊन दारावरच्या फांद्यांची छाटणी करून घेता येते. तोवर खाली जुनी ताडपत्री बांधली तर घाणीचा निम्मा त्रास वाचतो.

पिंजऱ्यातला पोपट दिवसभर किंचाळतो. त्याला गप्प कसं करावं?

आपल्याकडचे रानपोपट पाळणं याच १९७२ च्या कायद्याने बेकायदा आहे, हे आधी माहीत हवं. पोपट थव्याचा पक्षी. उडताना, चरताना तो सतत आवाज देतो आणि थव्यातून उत्तर येतं. पिंजऱ्यातला पोपट तीच हाक देत राहतो आणि उत्तर मिळत नाही म्हणून पुन्हा देतो. गप्प करण्याचा उपाय नाही. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयाशी बोलावं. स्वतःहून एकदम सोडून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला बाहेर खाणं शोधता येत नाही.

हे आवाज ऐकायला आपल्या भागात कुठे जावं?

माळावरची टिटवी आणि झाडावरचे सातभाई यांच्यासाठी कुठेच जायची गरज नाही. मोरांसाठी सागरेश्वर, ताकारी-देवराष्ट्रे परिसरातलं, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं अभयारण्य. पाणपाखरांसाठी खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव. रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरले असतील तर त्यांचा हंसबदकासारखा घोगरा, नाकातला आवाज ऐका. चित्रातल्या गुलाबी पाखराशी तो जुळत नाही. कोयना आणि चांदोलीच्या दाट रानात मलबारी राखी धनेश आहे. त्याचं ओरडणं म्हणजे कुणीतरी रानात ठसका लागेपर्यंत हसतंय असं वाटतं. नवख्या माणसाला दचकवणारा तो या भागातला पहिल्या नंबरचा आवाज.

ऐकलेला आवाज वहीत कसा लिहावा?

देवनागरीत, आणि स्वतःच्या कानाने. पुस्तकातला शब्द उतरवू नये. आधी आवाजाचे तुकडे मोजावेत, मग स्वर लांब की आखूड ते अवग्रहाने दाखवावं: ‘क्रीऽऽ’ आणि ‘क्री’ ही दोन वेगळी पाखरं असू शकतात. खरखर असेल तर ‘र्र’, फाटका असेल तर ‘ख’ किंवा ‘च’ घेता येतो. शेजारी वेळ, पाखरू एकटं होतं की थव्यात, आणि त्या वेळी आसपास काय होतं, मांजर, घार, माणूस, ते लिहावं. मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं तर उत्तमच, पण नोंद तरीही करावी, कारण मुद्रणात झाडाखालचं मांजर दिसत नाही.